‘का पडला?’ या कार्डाचं सविस्तर उत्तर

रांझी, जबलपूर
गुरुवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप हेमचंद्रदादा यांच्या पायाशी श्रीरंगचा नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे तुम्ही लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच पत्रावर लाल शाईने लिहून ते पत्र मला परत पाठवलं होतं. तेव्हापासून चुकलेलो नाही. जावयाने मेहुण्याच्या पाया पडायचं नसतं हेही ठाऊक आहे, पण या एका पत्रापुरतं पडू द्या.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? लिंबाच्या झाडाला यंदा बहर आला का, आणि त्या झाडाने तडा दिलेली भिंत अजून उभी आहे का? वर्ध्याला ऊन तापायला लागलं असेल. इकडेही लागलं आहे. इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वसुधा मजेत आहे, तुमची भाची विनीता रागात आहे, आणि माझं विचाराल तर मी गेले सहा आठवडे सलग दहा मिनिटं एका जागी बसलेलो नाही. हे पत्रही किती बैठकांत पुरं होईल, देव जाणे.

तुमचं कार्ड मागच्या सोमवारी मिळालं. चार शब्दांचं. ‘बातमी वाचली. का पडला?’ खाली सही. दादा, तुम्ही बावीस वर्षं मुख्याध्यापक होतात, पण निवृत्तीनंतर तरी माणसाने प्रश्नपत्रिकेच्या भाषेत लिहू नये. समोर कंसात गुण तेवढे लिहायचे राहिले होते. तेव्हापासून ते कार्ड माझ्या खिशात आहे. दिवसातून चारदा काढून वाचतो, उलटून पाहतो. पलीकडे फक्त माझाच पत्ता असतो. वसुधा म्हणते, फोन करा न दादाला, संपलं. पण फोनवर तुम्ही जे गप्प राहता न, त्या गप्प राहण्यात समोरचा माणूस न केलेले गुन्हेही कबूल करतो. म्हणून लिहून कळवतो आहे. सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात उत्तर मला येत नाही.

(गच्चीवर जाऊन आलो. सेतूजाल नेटवर्क्स, दोनशे अडुसष्ट रुपये चाळीस पैसे. गच्चीवर का जावं लागतं ते पुढे येईल.)

आधी स्वतःची बाजू मांडतो. सेतूजाल ही कंपनी मला कोणा दलालाने सांगितली नव्हती, की टीव्हीवर टाय लावून ओरडणाऱ्या पोराने. ती मी स्वतः शोधली. विनीता घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, त्यासाठी तिच्या खोलीत इंटरनेटची जी पेटी आहे, राऊटर म्हणतात तो, तो तीन वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. आमच्या घरात तीन वर्षं न बिघडलेली ती एकमेव वस्तू. (मला धरून.) मी तो उलटा करून नाव वाचलं. तेहतीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी केलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं? माल चांगला म्हणजे कारखाना चांगला, कारखाना चांगला म्हणजे शेअर चांगला. चारशे बाराच्या भावाने घेतले. मग आपल्याला सापडलेली चांगली गोष्ट चार माणसांना सांगावी या भोळ्या स्वभावाने मी ती चार माणसांना सांगितली. त्यातले तिघे जबलपूरचे. चौथे तुम्ही.

भाऊबीजेचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. जेवणं झाली होती, तुम्ही अडकित्त्याने सुपारी कातरत होतात आणि मी सेतूजालबद्दल बोलत होतो. मी बराच वेळ बोललो असेन, कारण मधेच वहिनी उठून भांडी आवरूनही आल्या. आणि तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “बरं, घेतो मग.”

दादा, आज स्पष्टच लिहितो. चौतीस वर्षांत तुम्ही माझं ऐकलंत ते त्या दिवशी पहिल्यांदा. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, कारखान्यात नक्की काय करता? मी म्हणालो, ते सांगता येत नाही. खरंच सांगता येत नव्हतं, संरक्षण खात्याच्या कारखान्याला तसा कायदाच आहे. पण तुम्ही सगळ्या नातेवाइकांत सांगितलंत की जावई काहीतरी करतात, काय करतात ते बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. पुढे मी म्हणालो लिंबू भिंतीपासून दहा फूट दूर लावा, तुम्ही दोन फुटांवर लावलंत. भिंतीला तडा गेला तेव्हा म्हणालात, भिंतच जुनी होती. मी म्हणालो कूलर खिडकीबाहेर बसवा, तुम्ही तो बैठकीच्या मधोमध ठेवलात आणि पाहुणे त्याला वळसा घालून बसतात. या सगळ्याची मी कधी तक्रार केली नाही. पण त्या दिवशी “घेतो मग” ऐकून जबलपूरला परतताना गाडीत मी वसुधाला तीनदा विचारलं की दादा खरंच तसं म्हणाले न. ती खिडकीबाहेर बघत हो म्हणाली.

(गच्ची. दोनशे अडुसष्ट नव्वद. पन्नास पैसे वर. वसुधा वर पापड वाळत घालते आहे. तिने मान वर न करता विचारलं, “किती झाले?” मी म्हणालो, दोनशे अडुसष्ट नव्वद. ती म्हणाली, “भाव नाही, तुमचे फेरे.”)

तर तो पडला. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी कंपनीचा तिमाहीचा हिशेब आला आणि त्याच दिवशी भाव चारशेवरून तीनशे दहावर. तिथून रोज थोडा थोडा खाली, एखादा म्हातारा जिना उतरतो तसा. माझं जे गेलं ते गेलं, मी ते पचवलं असतं. पण रोज सव्वानऊला बाजार उघडला की माझ्या डोळ्यांसमोर माझे शेअर येत नाहीत, तुमचा खाली ठेवलेला अडकित्ता येतो. जेवताना आमटीत मीठ नाही हे मला भात संपल्यावर कळतं. परवा स्कूटर घेऊन बँकेत गेलो आणि चालत परत आलो.

अशा वेळी कारखान्यातला माणूस काय करतो? बोर्ड बसवतो. एखादा लॉट चाचणीत उतरला नाही की आमच्यात हळहळ वगैरे नसते. चौकशीसाठी बोर्ड बसतं, एक अध्यक्ष, दोन सदस्य, एक सचिव. सगळा माल लाल चिठ्ठी लावून रोखून धरायचा, अहवाल येईपर्यंत नग हलवायचा नाही. मग कारण शोधायचं, दोषी ठरवायचा, सह्या करायच्या आणि फाइल बंद. माझ्या सांगण्यावरून सेतूजाल घेतलेल्या तिघांनी आणि मी मिळून तसंच बोर्ड बसवलं. अध्यक्ष भाऊराव, निवृत्त फोरमन, वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून पाळी बदलायच्या भोंग्याचा. सदस्य नथ्थूजी, स्टोअरमध्ये होते, आयुष्यभर पावतीशिवाय कोणाला खिळाही दिला नाही. दुसरे चिंतामणी, हे रेल्वेतले गार्ड, म्हणजे बाहेरचे, पण बोर्डात एक बाहेरचा लागतोच. सचिव मी. जागा, नेपियर टाउनमधल्या भाऊरावांच्या घराचा वरचा मजला. (खालचा मजला कोचिंग क्लासला दिलेला आहे. आम्ही वर एक वाक्य बोललो की खालून साठ पोरं एका सुरात कसलं तरी सूत्र म्हणतात.) नथ्थूजींनी घरून खऱ्या लाल चिठ्ठ्या आणल्या होत्या. अहवालावर सह्या होईपर्यंत कोणी एकही शेअर विकायचा नाही असं ठरलं आणि आम्ही आपापल्या शेअरच्या कागदांना त्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या. मला त्या क्षणी सहा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पहिल्या बैठकीत कारणांवर चर्चा झाली. नथ्थूजींचं म्हणणं, “यात शोधाले काय आहे? चिनी माल आला न बाप्पा बाजारात, अर्ध्या किमतीचा!” चिंतामणींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “अच्छा, मी सांगतो. ये सब बडे लोगों का काम आहे. आधी आपल्याले घाबरवायचं, आपण विकलं की तेच उचलून राहिले.” मी नम्रपणे सुचवलं की कंपनीने स्वतःच मागणी कमी झाली असं लिहिलं आहे. भाऊरावांनी टेबलावर हात आपटला. “मागणी काहून कमी होईल? मालात खोट असल्याबिगर मागणी कमी होत नसते. कागद वाचून काय करून राहिले तुम्ही? माल आणा!” दादा, हसू नका. आमचं आयुष्य असंच गेलं आहे. लॉट नाकारला गेला तर लॉटमध्येच काहीतरी असतं. बाजाराने सेतूजाल नाकारला, तर सेतूजालच्या पेटीत काहीतरी असलंच पाहिजे. हे आम्हा चौघांना इतकं पटलं की खालची पोरं थांबली तरी आम्ही मान हलवतच होतो.

नमुना म्हणून मी विनीताचा राऊटर नेला. ती तेव्हा आंघोळीला गेली होती. (विचारून नेता आलं असतं. पण बोर्डाचा नमुना आगाऊ सूचना न देता उचलायचा असतो.)

(गच्ची. दोनशे सदुसष्ट दहा. खाली येऊन पाणी प्यायलो, परत गेलो, दोनशे सदुसष्ट वीस. डावा गुडघा बोलायला लागला आहे. तुमच्या उजव्याची आठवण झाली.)

तपासणी अडीच तास चालली. भाऊरावांनी मायक्रोमीटर काढला (तो त्यांचा स्वतःचा आहे, असं ते तीनदा म्हणाले) आणि पेटीच्या भिंतीची जाडी आठ ठिकाणी मोजली. एका केसाचाही फरक नाही. स्क्रू सगळे सारखे. आतलं सर्किटचं हिरवं पान इतकं स्वच्छ की नथ्थूजींनी त्यावर बोट फिरवलं आणि स्वच्छ म्हणजे काय ते सुनेला दाखवायला हवं म्हणाले. मग त्यांनी नियमाप्रमाणे टेबलाच्या उंचीवरून पाडून पाहायची चाचणी मांडली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदाही पेटीला ओरखडासुद्धा आला नाही, फक्त हलवली की आतून सुपारीच्या डबीसारखा आवाज यायला लागला. आम्ही सगळं परत जोडलं. एक स्क्रू उरला. भाऊराव म्हणाले, उत्तम मालात एखादा स्क्रू जास्तच देतात. मी वहीत लिहिलं, नमुना सर्व कसोट्यांवर उत्तीर्ण, मालात दोष नाही, सबब बाजारात दोष आहे.

घरी आलो तर विनीता दारातच उभी. आमची लेक मराठी सगळं समजते, पण रागावली की तिची भाषा आपोआप इथली होते. “बाबा, चार बजे मीटिंग आहे माझी! राऊटर कुठे नेला? खोललं? काहून पण?” मी तिला चौकशीचं महत्त्व सांगू लागलो. तिने पेटी कानाशी धरून हलवली, मग माझ्याकडे पाहिलं. दादा, ती नजर तुमच्या घराण्याची आहे. ती आपलं काम उचलून मैत्रिणीकडे गेली आणि मी स्कूटरला किक मारून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात.

आता बड्या फुहाऱ्याच्या त्या गर्दीत, साड्यांची दुकानं ओलांडून, मी मुद्दाम सेतूजालचाच राऊटर मागितला. म्हटलं, देशात कोणी घेत नसेल तर निदान मी एक घेतो, तेवढाच भावाला टेकू. दुकानदाराने स्टुलावर चढून वरच्या फळीवरची पेटी काढली आणि फुंकर मारली ती धूळ माझ्या चष्म्यावर. वर म्हणतो, “ले जाइए अंकल. पिछले साल सब बोल रहे थे माल नहीं मिलेगा, तो चालीस मँगा लिए. पच्चीस अभी तक पड़े हैं. ये निकलें तब तो नया मँगाएँ.” मला राग आला तो धुळीचा. नव्या मालाचे पूर्ण पैसे घेऊन मागच्या वर्षीची पेटी देतो म्हणजे काय! तरी घेतली. घरी आणली, विनीताने ती बसवली, पासवर्ड बदलला आणि तो बाबांना सांगायचा नाही असा घरात हुकूम काढला. खाली माझ्या मोबाइलला रेंज धरत नाही. धरते ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणून हे फेरे.

त्या संध्याकाळी टाकीपाशी उभा राहून मी वसुधाला दुकानदाराची तक्रार सांगितली. ती पापडांवरचं पातळ आवरत होती. म्हणाली, “मग बरोबरच आहे न त्याचं. मागच्या साली आपण उडीद महाग होईल म्हणून दुप्पट पापड लाटले. अजून डबाभर आहेत, म्हणून यंदा निम्मेच केले. त्या चक्कीवालीचं दळण माझ्याकडून निम्म्यावर आलं. आता तिच्या चक्कीत काही खोट आहे का?”

मी तिथेच टाकीला टेकून उभा राहिलो. सगळ्या दुकानांत, सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत मागच्या वर्षीच्या पेट्या पडून आहेत. त्या संपेपर्यंत कोणी नव्या मागवत नाही. बस, एवढंच. सहा आठवडे, चार निवृत्त माणसं, एक मायक्रोमीटर, आणि उत्तर पापडाच्या डब्यात. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण यात दोष कोणाचाच नव्हता. मग तुम्हाला काय लिहायचं?

(गच्ची. तेच. दोनशे सदुसष्ट वीस. तो हलत नाही तेव्हा जास्त अस्वस्थ वाटतं.)

काल शेवटची बैठक झाली. मी वसुधाचं कारण मांडलं. (तिचं नाव घेतलं नाही, ‘एका जाणकार सूत्राकडून’ म्हटलं.) भाऊरावांनी ते साफ फेटाळलं. माल चांगला, कारखाना चांगला, गिऱ्हाईकही चांगलं, मग दोषी कोण? दोषी नाही अशी फाइल बंद करता येत नाही, तसा रकानाच नाही. शेवटी ‘दोषी: परिस्थिती’ असं लिहायचं ठरलं. मग मी शेवटचं पान पुढे केलं. त्यात सदस्यांनी आपला मालाशी काय संबंध आहे ते लिहून सही करायची असते. मी आधीच लिहून ठेवलं होतं की सर्व सदस्यांकडे सेतूजालचे शेअर आहेत आणि ठरल्याप्रमाणे कोणीही विकलेले नाहीत.

भाऊरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसला. मग म्हणाले, “सचिव, चौकशी करणाऱ्याचा मालाशी संबंध नसावा, हा नियम आहे का नाही? मी अध्यक्ष. मी कसे ठेवू?” कधी विकले, मी विचारलं. “बोर्ड बसवलं त्याच दिवशी. सकाळी.” म्हणजे लाल चिठ्ठी बांधली तेव्हा ते रिकाम्या कागदाला बांधत होते. मी नथ्थूजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “मी भाऊरावांच्या तोंडाकडे पाहून दुसऱ्या दिवशी विकले. अध्यक्षाचं तोंड पाहून स्टोअरवाल्याले समजते बाप्पा.” चिंतामणींनी तर पडायच्या आधीच, संक्रांतीलाच विकले होते. त्यांची रेल्वेतली सवय, गाडी एका जागी फार वेळ उभी राहिली की ते उतरून पाहतात. मग सहा आठवडे इथे येऊन काय करत होता, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. ते खाली बघून म्हणाले, “घरी करमत नाही न श्रीरंगजी. इथे चार माणसं भेटून राहिली होती.” खालची पोरं तेवढी सूत्र म्हणत होती. भाऊरावांच्या सुनेने चहा आणला आणि आम्ही तो प्यायलो.

तर दादा, सगळ्या जबलपुरात आता सेतूजाल धरून बसलेला मी एकटा आहे. आणि वर्ध्यात तुम्ही. आता सरळ लिहितो. का पडला ते पापडाच्या डब्यावरून तुमच्या लक्षात आलं असेल. पण तुमचा का पडला, याचं उत्तर एवढंच की मी सांगितलं म्हणून. मला लाज वाटते. चौतीस वर्षांत एकदा तुम्ही माझं ऐकलंत आणि त्याचं हे झालं. भाऊराव गेले, नथ्थूजी गेले, मलाही कित्येकदा वाटलं की विकावं आणि रात्रीची झोप परत आणावी. पण तुम्ही आत असेपर्यंत मी बाहेर पडणार नाही, असं मी ठरवलं आहे. तुम्ही ज्या दिवशी विकाल त्या दिवशी कळवा, मी त्यानंतर विकीन, तुमच्यापेक्षा कमी भावाने. एवढं तरी मला करू द्या.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. (हेही तुम्ही ऐकणार नाही, तरी लिहितो.)

तुमचा,
श्रीरंग

ता.क. साडेतीन वाजले, बाजार बंद झाला. दोनशे अडुसष्ट चाळीस. सकाळी जिथे होता तिथेच. वसुधाच्या मोजणीप्रमाणे माझे सतरा फेरे झाले.

ता.क. आणखी एक. खरं तर हे पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते वर लिहायचा धीर झाला नाही. तुम्ही नक्की किती घेतलेत हे कधी सांगितलं नाहीत. तेवढा आकडा कळवा. शंभर असतील तर मी आठवड्याभरात सावरेन. पाचशे असतील तर वसुधाला न सांगता मला कळवा.

ता.क. दादा, पत्र पाकिटात घालायच्या आधी वसुधाने ते मागून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून पूर्ण वाचलं. ती मधे मधे हसत होती, पण शेवटच्या पानावर हसायची थांबली. मग म्हणाली, “अहो, दादाने घेतलेच कुठे?”

म्हणजे तुम्ही घेतलेच नव्हते. एकही नाही. वहिनींनी भाऊबीजेलाच तिला निघताना सांगितलं होतं, की हे काही शेअरबिअर घेणार नाहीत, पण श्रीरंगराव इतक्या हौसेने सांगून राहिले होते, त्यांचं मन काहून मोडायचं. वसुधाला मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, “दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुम्ही किती खुशीत होता. आणि पडल्यावर सांगायचं तर तुमचं तोंड पाहून जीभच उचलेना.” ते कार्डही तुम्ही माझ्यासाठीच टाकलं होतं म्हणे. माझे किती गेले हे विचारायचा तुम्हाला संकोच वाटला.

माझ्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं आहे ते लिहायला हवं. उतरलं आहे. देवापुढे साखर ठेवली. आता मी उद्या सव्वानऊला सगळे विकू शकतो, कोणाचं काही देणं लागत नाही. तरी तासभर झाला, मी गच्चीत टाकीपाशी उभा आहे, आणि आता तर बाजारही बंद आहे.

पत्र फाडत नाही. एवढी पानं पुन्हा लिहवणार नाहीत.

ता.क. शेवटचा. दादा, एक मागणं आहे. सध्या स्वस्त मिळताहेत. तुम्ही दहा शेअर घ्या. वर जातील असं मी म्हणत नाही, गोदामं रिकामी व्हायला वर्षही लागेल. पैसे बुडाले तर मी भरून देतो. पण मी सांगितलं म्हणून घ्या. दहा जास्त वाटत असतील तर पाच. घेतल्यावर एक कार्ड टाका, ‘घेतले’ एवढंच लिहा. लाल शाईने लिहिलंत तरी चालेल.